धारणीच्या टॉवरला कोणता फ्युएल सेल पुरेल? प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचा आढावा

पावसाळ्यात मेळघाटातला मोबाइल टॉवर बंद पडला की काय होतं, हे धारणी तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. १०८ ला फोन लागत नाही, आशाताईचा निरोप आरोग्य केंद्रापर्यंत पोचत नाही, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. हरिसाल हे गाव याच तालुक्यातलं. २०१६ मध्ये ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं आणि तिथे दूरवैद्यकाची सोय आली. पण डिजिटल गावालाही आधी वीज लागते. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर, आणि ते डिझेल परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट चढत येतं. १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख असल्यामुळे जंगलातून तारा ओढायच्या म्हटलं तर परवानग्यांचाच डोंगर उभा राहतो.

२६ सप्टेंबर २०१९ रोजी, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या म्हणजे सीएसआयआरच्या स्थापना दिनी, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते पाच किलोवॉटच्या एका फ्युएल सेल संचाचं अनावरण झालं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल, दिल्लीची एनपीएल, कराईकुडीची सेक्री आणि पुण्याचीच थरमॅक्स कंपनी यांनी मिळून तो बनवला होता. त्याचे उपयोग सांगताना दूरसंचार टॉवर आणि दुर्गम ठिकाणं यांचा खास उल्लेख होता. म्हणजे कागदावर हे यंत्र धारणीसारख्या गावासाठीच आहे. ते इथे किती वर्षं जगेल हा प्रश्न बाकी राहतो, आणि त्याचं उत्तर बहुतांशी आतल्या काळ्या पुडीत दडलेलं आहे. कार्बनच्या कणांवर बसवलेले प्लॅटिनमचे किंवा प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण म्हणजे ही पूड. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर या पुडीवर प्रचंड काम झालं. त्यातलं किती काम वेगासाठी झालं आणि किती टिकाऊपणासाठी, हे तपासल्याशिवाय या यंत्राबद्दल आशा धरणं किंवा सोडणं दोन्ही घाईचं ठरेल.

आधी यंत्राची रचना. फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा, आणि मध्ये प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा असतो. हायड्रोजन फुटून प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात आणि पलीकडे ऑक्सिजनशी मिळून पाणी बनतं. तारेतून फिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच आपली वीज. साधा पडदा वापरणारे संच ६५ ते ८० अंश सेल्सिअसला चालतात. फॉस्फोरिक आम्लावर चालणारे दीडशे ते दोनशे अंशांना चालतात. सिरॅमिकच्या फ्युएल सेलना सहाशे-आठशे अंश लागतात, त्यांच्या मानाने ही दोन्ही घराणी कमी तापमानाचीच. इतक्या कमी तापमानाला ऑक्सिजनची जोडी सहज तुटत नाही. तिला तोडण्यासाठी उत्प्रेरक लागतो आणि आम्लात विरघळून न जाता हे काम नीट करणारा धातू आजही प्लॅटिनमच आहे. जगातलं सुमारे ७० टक्के खाणीतलं प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. भारत आपली जवळपास सगळी गरज आयातीवर भागवतो.

विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये या तत्त्वाचा प्रयोग केला, पण प्रत्यक्ष कामाला हे यंत्र प्रथम अवकाशात लागलं. १९६५ च्या जेमिनी-५ यानात जनरल इलेक्ट्रिकचे पडद्याचे फ्युएल सेल होते. तेव्हा प्लॅटिनम किती वापरलं याची फिकीर कोणी केली नाही. ती फिकीर सुरू झाली १९८० च्या दशकात, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत. दर चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅम लागणारं प्लॅटिनम तिथे ०.४ मिलिग्रॅमवर आलं. धातूचे शुद्ध कण पसरण्याऐवजी ते कार्बनवर बसवले आणि पडद्याच्याच पदार्थाचं द्रावण त्या थरात भिनवलं, एवढ्यावर दहापट बचत झाली. या विषयातली ही सर्वांत मोठी झेप मला वाटते, कारण पुढे कोणत्याही मिश्रधातूने प्रत्यक्ष संचात एका फटक्यात इतकी बचत करून दाखवलेली नाही.

मिश्रधातूंचा धागा मात्र फॉस्फोरिक आम्लाच्या घराण्यातून आला. १९८३ मध्ये विनोद जालान आणि ई. जे. टेलर यांनी मांडलं, की प्लॅटिनममध्ये क्रोमियमसारखा धातू मिसळला की अणूंमधलं अंतर किंचित कमी होतं आणि ऑक्सिजनची क्रिया वेगाने होते. पुढे संजीव मुखर्जी आणि सुप्रमण्यम श्रीनिवासन यांनी क्ष-किरणांच्या अभ्यासातून इलेक्ट्रॉनच्या रचनेचा भागही दाखवून दिला. आज ही गोष्ट अशी समजली जाते: शुद्ध प्लॅटिनम ऑक्सिजनला जरा जास्तच घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तयार झालेले तुकडे पृष्ठभागावर अडून बसतात. कोबाल्ट किंवा निकेलचे लहान अणू आत शिरले की वरचा प्लॅटिनमचा थर आवळला जातो, पकड थोडी सैल होते आणि जागा लवकर मोकळी होते. पकड फारच सैल झाली तर ऑक्सिजन तुटतच नाही. या दोन टोकांमधली नेमकी जागा शोधणं म्हणजे मिश्रधातूंचं अर्धं विज्ञान.

ही जागा सापडल्यावर आकड्यांची शर्यत लागली. २००७ मध्ये व्होयिस्लाव स्टामेंकोविच यांच्या गटाने दाखवलं, की तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल यांच्या स्फटिकाचा एक विशिष्ट पृष्ठभाग शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा दहापट आणि बाजारी प्लॅटिनम-कार्बनपेक्षा नव्वदपट वेगवान आहे. २०१४ मध्ये निकेल काढून उरलेल्या पोकळ सांगाड्यांनी वजनामागे छत्तीसपट वेग दाखवला. २०१६ मध्ये प्लॅटिनमच्या खडबडीत तारांनी तोही विक्रम मोडला. हे सगळं संशोधन खरं आहे, त्यामागची बुद्धी थोर आहे. पण यातल्या बहुतेक मोजण्या फिरत्या इलेक्ट्रोडवर, पातळ आम्लात, थोड्या वेळासाठी घेतलेल्या आहेत. तोच पदार्थ खऱ्या संचाच्या थरात, पडद्याला चिकटवून, भरपूर करंटवर चालवला की छत्तीस पटींचे चार-पाच पट उरतात, कधी तेवढेही नाही. टोयोटाने २०१४ मध्ये मिराई ही फ्युएल सेलवरची मोटार बाजारात आणली तेव्हा तिच्या हवेच्या बाजूला साधा प्लॅटिनम-कोबाल्ट होता. त्याची किमया विक्रमाची नव्हती, रस्त्यावर टिकण्याची होती.

म्हणून आता मरणाची कारणं पाहू. आढावा घेताना सर्वांत जास्त वेळ इथेच घालवायला हवा.

पहिलं कारण प्लॅटिनमचं स्वतःचं विरघळणं. सोनार ज्याला अविनाशी म्हणेल असा हा धातू दोन-तीन नॅनोमीटरच्या कणांत आणि आम्लात ०.९ व्होल्टच्या पुढे गेला की थोडा थोडा विरघळतो. व्होल्टेज स्थिर असेल तर वर ऑक्साइडचा थर येऊन बचाव होतो. पण ते वरखाली झालं की तो थर बनतो, मोडतो, आणि प्रत्येक फेऱ्यात काही अणू सुटून जातात. लहान कणांतून निसटलेलं प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं, म्हणजे लहान मरतात आणि मोठे फुगतात. काही अणू पडद्यात शिरतात आणि समोरून आलेल्या हायड्रोजनमुळे तिथेच धातू होऊन अडकतात. ते परत कामाला येत नाहीत.

दुसरं कारण मिश्रधातूलाच लागू आहे. कोबाल्ट, निकेल, तांबं, लोखंड हे आम्लात टिकणारे धातू नव्हेत. वरच्या थरातले त्यांचे अणू पहिल्या काही तासांतच निघून जातात, हे अपेक्षितच असतं आणि त्यातून वर शुद्ध प्लॅटिनमचं कवच तयार होतं. अडचण सुरू होते ती कवचातून आतले अणूही झिरपायला लागले की. एक तर आवळलेपण जातं आणि कमावलेला वेग ओसरतो. दुसरं म्हणजे सुटलेले आयन पडद्यात प्रोटॉनची जागा अडवतात, भरपूर वीज ओढताना नेमका तेव्हाच संच दमतो. लोखंडाचा तर वेगळाच जाच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संगतीत ते अशी मुक्त मूलकं तयार करतं की पडदाच खाल्ला जातो. उत्प्रेरक म्हणून गुणी असलेलं लोखंड म्हणूनच बरेच लोक संचात घ्यायला धजत नाहीत.

तिसरं कारण कार्बनचं जळणं, आणि माझ्या मते धारणीसाठी हेच सर्वांत महत्त्वाचं. संच बंद करून ठेवला की हायड्रोजनच्या बाजूलाही हळूहळू हवा भरते. पुन्हा चालू करताना अर्ध्या भागात हायड्रोजन आणि अर्ध्यात हवा अशी स्थिती काही क्षण येते, आणि त्या क्षणी समोरच्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज दीडच्या आसपास चढतं. २००५ मध्ये कार्ल रायझर आणि सहकाऱ्यांनी हे नेमकं उलगडून दाखवलं. इतक्या व्होल्टेजला प्लॅटिनमखालचा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. कण मोकळे होतात, एकमेकांत मिसळतात, थर कोसळतो. मिश्रधातू कितीही चांगला असो, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

या तीन मरणांवर जे उपाय निघाले त्यांत मला सर्वांत आश्वासक वाटतात ते सुव्यवस्थित मिश्रधातू. साध्या मिश्रधातूत प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू कसेही विखुरलेले असतात. पुरेसं तापवलं तर ते आपापल्या ठरलेल्या जागी बसतात, उदाहरणार्थ एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा. अशा रचनेत कोबाल्टचा प्रत्येक अणू प्लॅटिनमच्या घट्ट शेजारात असतो, म्हणून त्याला निसटणं अवघड जातं. २०१३ मध्ये कॉर्नेलच्या गटाने प्लॅटिनम-कोबाल्टचे असे कण करून दाखवले. २०१९ मध्ये शौहेंग सुन आणि लॉस अलामॉसच्या लोकांनी थराथरांची रचना खऱ्या संचात टिकते हे दाखवलं. यात गोम अशी, की अणूंना रांगेत बसवायला सहाशे-सातशे अंश किंवा त्याहून जास्त उष्णता लागते आणि एवढ्या उष्णतेत कण वितळल्यासारखे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मग कणांवर सिलिकाचं आवरण घालणं, मिठात तापवणं अशा युक्त्या आल्या. २०२१ मध्ये चीनमधल्या गटाने गंधक मिसळलेल्या कार्बनवर कण बसवले. गंधक प्लॅटिनमला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे भट्टीतही कण पाच नॅनोमीटरच्या आत राहिले. या एका पद्धतीने त्यांनी ४६ प्रकारचे सुव्यवस्थित मिश्रधातू तयार केले. कारखान्यात उतरू शकेल अशी ही रीत आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे विक्रमांपेक्षा जास्त लक्ष जायला हवं.

बाकीचे मार्ग थोडक्यात. स्वस्त धातूच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा एकच अणुथर चढवण्याची रॅडोस्लाव ॲड्झिच यांची कल्पना देखणी आहे, पण त्या थराला एक भोक पडलं की गाभा वाहून जातो. यिट्रियमसारख्या धातूंशी प्लॅटिनम फार घट्ट बांधलं जातं हे २००९ मध्ये गणिताने सांगितलं आणि प्रयोगाने खरं ठरवलं, पण त्या धातूंना ऑक्सिजनची एवढी ओढ की कण बनवतानाच नाकी नऊ येतात. प्लॅटिनम पूर्ण टाळून लोखंड, नायट्रोजन आणि कार्बन यांच्यावर चालणारे उत्प्रेरक २००९ नंतर झपाट्याने सुधारले, मात्र आम्लात ते तासांच्या हिशोबात दमतात. कार्बनची जागा घेण्यासाठी टायटॅनियमचे ऑक्साइड आणि जास्त ग्राफाइट झालेला कार्बन हे दोन्ही वापरून पाहिले जातात, आणि चालू-बंदच्या त्रासावर खरा उपाय बऱ्याचदा तिथेच असतो.

टिकाऊपणा मोजायचा कसा, याची मापं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ठरवली आणि जगाने ती मानली. ०.६ ते ०.९५ व्होल्ट अशा ३०,००० फेऱ्यांनंतर वेग ४० टक्क्यांपेक्षा कमी घटला पाहिजे, हे मोटारीचं माप. अवजड ट्रकसाठी ९०,००० फेऱ्या आणि २५,००० तासांचं आयुष्य. या मापांमुळे प्रयोगशाळा वेगाकडून टिकाऊपणाकडे वळल्या, हे मोठं काम झालं. तरी ही मापं महामार्गाची आहेत. महामार्गावरचा ट्रक रोज तासन्तास चालतो आणि त्याला ठरलेल्या दर्जाचा हायड्रोजन मिळतो. रस्त्यावरच्या फ्युएल सेलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही. धारणीचा टॉवर उन्हाळाभर पडून राहील, जूनमध्ये एका आठवड्यात वीसदा चालू होईल, आणि त्याचं इंधन कुठून येईल याचा भरवसा नाही.

महाराष्ट्रात या विषयाची दोन मोठी घरं आहेत. एक पुणे. एनसीएलमध्ये श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाने ऑक्सिजनच्या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केलं आहे. संचालक आशिष लेले यांचाही हायड्रोजन हा जिव्हाळ्याचा विषय. १० ऑक्टोबर २०२० ला केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी पुण्यात भारतीय बनावटीच्या फ्युएल सेलवर मोटार चालवून दाखवली. तो दहा किलोवॉटचा संच ६५ ते ७५ अंशांना चालणारा होता. २१ ऑगस्ट २०२२ ला त्याच परंपरेतली बस पुण्यात धावली. दुसरं घर अंबरनाथ. तिथल्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल विकसित केला, ८ मार्च २०२१ ला त्याचा जमिनीवरचा नमुना दीर्घ चालवण्याच्या आणि पूर्ण ताकदीच्या अशा दोन्ही कसोट्यांना उतरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पाणबुडीत बसवायच्या भागासाठी माझगाव डॉकशी करार झाला. फॉस्फोरिक आम्लाच्या घराण्याला लोक जुनं म्हणतात. पण प्लॅटिनम-कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूवर चालणारे दोनशे किलोवॉटचे अमेरिकी संच १९९० च्या दशकात ४०,००० तासांच्या आयुष्याला उतरले होते. टिकाऊपणाचा इतका लांबचा पुरावा कमी तापमानाच्या दुसऱ्या फार थोड्या संचांकडे आहे.

आता इंधनाचं. इथे अडाखे स्वच्छ मांडलेले बरे. सात घनमीटरच्या लोखंडी सिलिंडरमध्ये हायड्रोजन सहाशे ग्रॅमही भरत नाही. त्यातून निम्म्या कार्यक्षमतेने नऊ-दहा युनिट वीज निघेल, म्हणजे दीड किलोवॉटचा टॉवर साधारण सहा तास चालेल. तेवढंच काम तीन-साडेतीन लिटर डिझेल करतं. साठ किलोची टाकी सेमाडोहच्या वळणांवरून वर आणायची आणि सहा तासांनी रिकामी खाली न्यायची, हा व्यवहार जमणारा नाही. मिथेनॉल असेल तर सात-आठ लिटरात तोच हिशोब बसतो आणि कॅनमधून नेता येतो. पण जिथे घरोघरी मोहाची दारू गाळली जाते तिथे मिथेनॉलचे कॅन आणताना जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं कशाने मेली ते आधी आठवावं. कुलूप, रंग, कडवट द्रव्य, हिशोबाची वही, यातलं काहीही न वगळता ते आणलं पाहिजे.

तिसरा मार्ग वऱ्हाडाच्या स्वतःच्या शेतातला आहे. कापूस निघाल्यावर उभी राहणारी पऱ्हाटी आणि तुराट्या यांचा मोठा भाग चुलीत किंवा बांधावर जळतो. २०२१ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, प्रशांत ढाकेफळकर यांच्या नेतृत्वाखाली केपीआयटीच्या सोबतीने, भात-गहू-मक्याच्या अवशेषांपासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन आणि मिथेन काढण्याची रीत जाहीर केली. लाकडासारखी कडक पऱ्हाटी जिवाणूंना जड जाते, तिच्यासाठी गॅसिफायर जास्त सोयीचा. पण गॅसिफायरच्या वायूत हायड्रोजनइतकाच कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि ८० अंशांच्या प्लॅटिनमला दहा लाखांत दहा भागही बाधतात. हा वायू प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच देत नाही. शेणाच्या गॅसमधलं गंधक त्याहून वाईट, ते चिकटलं की बहुतेक सुटतच नाही.

यावर मिश्रधातूंनी जुनं उत्तर दिलेलं आहे: प्लॅटिनम-रुथेनियम. १९७५ मध्ये वातानाबे आणि मोतू या जपानी संशोधकांनी दाखवलं, की रुथेनियम पाण्यातला ऑक्सिजन पुरवतं आणि शेजारच्या प्लॅटिनमवरचा कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकतं. पण रुथेनियम दुर्मीळ आहे, आणि वर्षभर पडून राहणाऱ्या, अचानक उलट व्होल्टेज सोसणाऱ्या संचात ते विरघळून पडद्यापलीकडे जातं आणि हवेच्या बाजूच्या उत्प्रेरकालाही मंदावतं. तापमान १६० अंशांवर नेलं तर कार्बन मोनॉक्साइडची पकड आपोआप ढिली होते, एक टक्क्यापर्यंतही सहन होतो, आणि रुथेनियमची गरज उरत नाही. २०१९ चा पुण्याचा संच याच जातीचा आहे. त्याच्या पडद्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवलेलं असतं. त्या आम्लामुळे प्लॅटिनम जरा मंद होतं, म्हणून ते जास्त लागतं. शिवाय थंड संचात पाणी साचलं तर आम्ल धुऊन जाण्याची भीती असते. मेळघाटातल्या पावसाळी दमटपणात रोज चालू-बंद करताना ही भीती कागदावरची राहत नाही.

हे सगळं समोर ठेवून माझं मत असं: धारणीच्या रोजच्या विजेसाठी फ्युएल सेल नको. सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी आजच स्वस्त आहेत आणि दुरुस्त करणारं पोरगं परतवाड्यात, अमरावतीत मिळतं. फ्युएल सेलची जागा आहे ती जुलै-ऑगस्टमधल्या सलग ढगाळ आठवड्यांत, जेव्हा पॅनेल उपाशी असतात आणि रस्ता तुटलेला असतो. म्हणजे वर्षाला जेमतेम काही शे तास, पण मधून मधून, अवेळी आणि हमखास. अशा वापराला छत्तीसपट वेगाचा कण लागत नाही. लागतो तो सुव्यवस्थित प्लॅटिनम-कोबाल्ट, थोडा मोठ्या कणांचा, ग्राफाइट झालेल्या कार्बनवर बसवलेला. आणि त्याच्या शेजारी एक छोटी बॅटरी, जी चालू-बंदच्या वेळी व्होल्टेज चढू देणार नाही. प्लॅटिनम दोन ग्रॅम जास्त गेलं तरी चालेल, कारण दहा वर्षांनी ते परत मिळतं. मोटारींच्या जुन्या उत्प्रेरकांतून प्लॅटिनम काढणारा उद्योग जगात चांगला रुळलेला आहे.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही स्वतःचं धोरण आणलं. दोन्हींचा भर खत कारखाने, पोलाद आणि निर्यात यांच्यावर आहे, ते समजण्यासारखं आहे. पण त्यातला अगदी लहान वाटा एका चाचणीसाठी मागायला हवा. पुण्याचा १६० अंशांचा एक संच आणि ७० अंशांचा एक संच, दोन्ही धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात, लसींच्या फ्रीजच्या भारावर, जून ते सप्टेंबर असे तीन पावसाळे चालवावेत. मे महिन्यातला वऱ्हाडी उन्हाळा त्यांनी बंद अवस्थेत सोसावा. दर चालू-बंदनंतर व्होल्टेज किती खाली आलं, निघालेल्या पाण्यात कोबाल्ट आणि फॉस्फेट किती सापडलं, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी थर उघडून कण किती फुगले, हे आकडे मराठीतून आणि इंग्रजीतून छापले जावेत. मिश्रधातूची पुढची पिढी पुण्यात, अंबरनाथमध्ये किंवा कराईकुडीत घडवणाऱ्यांच्या हाती महामार्गाच्या आकड्यांबरोबर मग हेही आकडे असतील.